हातचा कोणाच्या हाती?

गणनयंत्रांचा इतिहास म्हटलं की बहुतेक ठिकाणी यंत्रांची यादी ऐकायला मिळते. आज आपण यादी बाजूला ठेवू आणि एक बेरीज करू. २७ अधिक ३५. सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक. दोन आणि तीन पाच, आणि हातचा एक, सहा. उत्तर बासष्ट. यातला अवघड भाग कोणता? बेरीज नव्हे, ती बोटांवरही होते. अवघड आहे तो हातचा. एका घरात दहा झाले की ते मोडून शेजारच्या घरात एक द्यायचा, आणि तोवर तो ध्यानात धरायचा.

आता मण्यांची पाटी घ्या, किंवा रोमन लोकांचे खडे. कॅल्क्युलेटर या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला ‘खडा’च आहे. खडे संख्या धरून ठेवतात. पण दहा खडे उचलून पलीकडे एक ठेवायचा, हे काम माणसाच्या बोटांचं. पाटी आठवण ठेवते, हिशेब आपण करतो. म्हणून आमच्या मते यंत्राचा खरा इतिहास सुरू होतो तो हातचा माणसाच्या हातातून सुटला तेव्हा.

१६२३ साली ट्युबिंगेनच्या शिकार्डने असं यंत्र योजलं होतं, केप्लरला त्याने ते पत्रातून कळवलं. पण आपण थांबू या पास्कालपाशी. त्याचे वडील फ्रान्समध्ये रूआं इथे करवसुलीचे अधिकारी. घरात रात्र रात्र आकडेमोड. मुलाने १६४२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, वडिलांसाठी यंत्र करायला घेतलं. पुढे त्याने स्वतःच लिहिलं आहे की पन्नासाहून जास्त नमुने करून पाहिले. त्यात फ्रेंच नाणी म्हणजे आणखी त्रास: बारा दनिए म्हणजे एक सू, वीस सू म्हणजे एक लिव्र. म्हणून हिशेबाच्या यंत्रात एक चाक बाराचं, एक विसाचं, बाकीची दहाची. आपल्याकडेही रुपया सोळा आण्यांचा आणि आणा बारा पैचा होता. आमच्या थोरल्या भावंडांनी ती गणितं घोटली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आम्ही सुटलो.

हातचा पुढे कसा द्यायचा? सरळ उपाय म्हणजे चाकाचा एक फेरा झाला की एक दाता पुढच्या चाकाला ढकलेल. पण ९९९९९ मध्ये एक मिळवा. पाचही चाकं एकदम हलायला हवीत, आणि तो सगळा जोर पहिल्या चाकावर येतो. यंत्र अडकतं. पास्कालची युक्ती अशी: चाक शून्यापासून नवाकडे सरकताना एक छोटी वजनदार तरफ हळूहळू वर उचलली जाते. नवाचं शून्य झालं की ती सुटते, आपल्याच वजनाने खाली पडते आणि पडता पडता पुढचं चाक एक घर सरकवते. म्हणजे पुढच्या चाकाला हलवण्याचे श्रम आधीच थोडे थोडे साठवलेले असतात.

याची किंमतही होती. चाकं उलटी फिरत नाहीत, मग वजाबाकी? ६२ मधून ३५ काढायचे तर ६२ ऐवजी ९९ ला कमी पडणारे ३७ घ्या, त्यात ३५ मिळवा, ७२. आता ९९ ला ७२ मध्ये किती कमी? २७. झाली वजाबाकी, आणि चाक एकदाही मागे गेलं नाही.

पुढे लाइबनित्झने गुणाकाराचं यंत्र योजलं. १६७३ मध्ये लंडनला त्याने त्याचा लाकडी नमुना दाखवला. पण हातचे एकामागून एक आले की तेही अडे. वरच्या पंचकोनी चकतीवरून राहिलेला हातचा कळायचा आणि तो बोटाने सरकवावा लागायचा. इतका मोठा तत्त्वज्ञ, आणि हातचा पुन्हा हातातच!

आता आमच्या विषयाकडे येऊ. याच काळात इंग्लंडमध्ये हॉब्ज म्हणत होता की विचार करणं म्हणजे हिशेब करणंच. यंत्र प्रत्यक्ष घडवणाऱ्या पास्कालला ते पटणारं नव्हतं. त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या टिपणांत तो म्हणतो, की हे यंत्र जे करतं ते जनावरांच्या कुठल्याही करणीपेक्षा विचाराच्या जवळ जातं. पण जनावराला इच्छा असते असं आपण म्हणतो, तसं यंत्राबद्दल म्हणावं असं ते काहीच करत नाही.

आम्हांला पास्काल अर्धा पटतो. तरफ फक्त पडते. तिच्या पडण्याला ‘हातचा’ म्हणतो ते आपण. चाकाला दहाऐवजी बारा घरं दिली की तेच पडणं दनिएचं सू करतं. अर्थ आपण आकड्यांत घातलेला आहे, हे खरंच. पण मग ‘बाराचे दोन, हातचा एक’ असं घोकणारं दुसरीतलं पोर काय करतं? एक का धरायचा, हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि खरं सांगा, आपल्यापैकी किती जणांनी ते मोठेपणी तरी विचारलं? तेव्हा यंत्र विचार करतं का, हा प्रश्न टाकण्याआधी आपण बेरीज करताना विचार करतो का, हे तपासायला हवं. आम्ही विद्यार्थ्यांना हा प्रश्न दिला की वर्गात पहिली पाच मिनिटं हशा व्हायचा, मग शांतता.

बॅबेजने एकोणिसाव्या शतकात वेगळीच खटपट केली: सगळे हातचे आधीच ओळखून एकदम पुढे द्यायचे. ते कसं, हे पुढच्या व्याख्यानात पाहू. तोपर्यंत ६२ मधून ३५ घरी एकदा पास्कालच्या रीतीने वजा करून बघा, आणि मग १००० मधून १ करून बघा.