वाया जाणारी वीज : रिकाम्या खोलीतली ओल

आज तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधल्या गुलाबांच्या शीतगृहांवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो आहे, कारण लोणावळ्याच्या एका हॉटेल-व्यवस्थापकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न पावसाळ्यात मावळातल्या प्रत्येक बंद खोलीला लागू पडतो.

ते लिहितात, "माणूस नसलेल्या खोलीतला एसी बंद झालाच पाहिजे, हे तुमचं म्हणणं पटलं. आमच्याकडे की-कार्ड काढलं की सगळं बंद होतं. पण जुलैत खोली दोन दिवस रिकामी राहिली की गादीला कुबट वास येतो, कपाटामागे बुरशी धरते. म्हणून आता हाउसकीपिंगची मुलंच खाचेत जुनं कार्ड खुपसून ठेवतात आणि रिकाम्या खोलीत एसी 18 वर चालतो. याला उपाय काय?"

मुलांचं काही चुकत नाही. खोली वाचवायला त्यांच्या हाताशी तेवढंच आहे. त्या खोलीत मोजलं जातंय फक्त तापमान, आणि लोणावळ्याच्या जुलैत तापमानाने फारसं काही कळत नाही. मोजायला हवी ती हवेतली वाफ.

आकडे बघा. वळवण-तुंगार्लीकडे ढग रस्त्यावर उतरलेला असतो तेव्हा बाहेरची हवा साधारण 22 अंशांची आणि वाफेने गच्च भरलेली असते. अशा एक घनमीटर हवेत 19 ग्रॅमहून थोडी जास्त वाफ मावते. अंगाला बरी वाटणारी खोली, म्हणजे 24 अंश आणि 55 टक्के आर्द्रता, तिच्यात ती असते 12 ग्रॅम. मधले सात ग्रॅम बाहेर काढणं हेच इथल्या एसीचं पावसाळ्यातलं खरं काम. आणि नेमकं तेच तो करत नाही. खोली आधीच 23 अंशांवर, एसी 24 वर लावलेला. कॉम्प्रेसर सुरूच होत नाही. कॉम्प्रेसर चालला तरच कॉइल गार होते आणि कॉइल गार झाली तरच वाफेचं पाणी होऊन नळीवाटे बाहेर पडतं. 1 जानेवारी 2020 पासून स्टार-लेबलचे एसी मुळातच 24 वर सुरू होतात. पुण्याच्या एप्रिलसाठी हा नियम उत्तम आहे, पण लोणावळ्याच्या धुक्यात 24 वर ठेवलेला एसी नुसता पंखा होतो.

मग पाहुणा वैतागून 18 करतो. भिंती, आरसा, चादरी गार पडतात. तेवढ्यात धुकं बघायला कोणीतरी बाल्कनीचं दार उघडतं, बाहेरची ओली हवा आत शिरते आणि गार भिंतीवर पाणी सुटतं, थंडगार तांब्याला बाहेरून सुटतं तसं. ज्या तापमानाला वाफेचं असं पाणी होऊ लागतं तो त्या हवेचा दवबिंदू. बाहेरचा दवबिंदू 22 आणि भिंत 20 अंशांची, तर भिंत भिजणारच.

माझा राग मात्र बाथरूमच्या पंख्यावर आहे. तो दिव्याच्याच बटणावर जोडलेला असतो आणि दिवा रात्रभर चालू राहतो. पंखा जेमतेम 30-40 वॅटचा, म्हणून एनर्जी ऑडिटच्या यादीत तो कोणी धरत नाही. पण तो तासाला 100 घनमीटर हवा बाहेर टाकत असेल, तर तेवढीच ओली हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येते आणि तिच्याबरोबर कोरडी करायची 700 ग्रॅम वाफ. एक लिटर पाणी वाफेतून परत मिळवताना सुमारे 0.68 युनिटएवढी उष्णता बाहेर पडते. म्हणजे हा एवढासा पंखा दर तासाला जवळपास अर्ध्या युनिटएवढ्या उष्णतेचं ओझं एसीवर टाकतो. आंघोळीनंतर 20 मिनिटांनी पंखा आपोआप बंद होईल एवढा टायमर लावला तरी फरक दिसतो.

हाच पाऊस टाटांनी वळवण, लोणावळा आणि शिरवत्याच्या धरणांत अडवला, पाचशे मीटरहून जास्त खाली खोपोलीत सोडला आणि 1915 पासून त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. ज्या पाण्याने वीज दिली, त्याच्याच वाफेशी झगडताना आपण वीज उधळतो, हे मला फार टोचतं.

आता उपाय. पहिला सेन्सर बाल्कनीच्या दाराला : चौकटीत रीड स्विच, दारात चुंबक. दार मिनिटभर उघडं राहिलं की एसी थांबतो, बंद झालं की सुरू होतो. लोणावळ्यात एकच सेन्सर परवडणार असेल तर हाच घ्या.

दुसरं, की-कार्डाची खाच काढून टाका. तिच्यात कुठलंही कार्ड चालतं. मुख्य दाराचा स्विच आणि हालचाल ओळखणारा सेन्सर यांची जोडी लावा. दार बंद झाल्यावर दहा मिनिटांत हालचाल दिसली तर दार पुन्हा उघडेपर्यंत आत माणूस आहे असं धरायचं. नुसत्या हालचालीवर भरवसा ठेवला तर झोपलेल्या पाहुण्याचा एसी मध्यरात्री बंद पडतो.

तिसरं, रिकाम्या खोलीत एसी नकोच. तिथे दोन-तीनशे वॅटचा डीह्युमिडिफायर ठेवा. आर्द्रता 70 टक्क्यांवर गेली की चालू, 60 वर आली की बंद. हे यंत्र पाणी काढताना सगळी उष्णता खोलीतच सोडतं. मुंबईत त्याने जीव नकोसा होतो, पण इथे तीच उष्णता उपयोगी पडते : 22 अंशांची गच्च हवा नुसती 26 पर्यंत तापली तरी तिची आर्द्रता 80 टक्क्यांच्या आसपास उतरते. चिक्की पॅक करण्याच्या खोल्यांनाही हेच लागू, कारण गूळ-साखर हवेतली ओल ओढून घेते.

मात्र स्वस्त आर्द्रता-सेन्सर आठवडाभर धुक्यात राहिला की भलतंच दाखवू लागतो. तो तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल एवढंच पाणी घाला, झाकण आणि सेन्सर एकाच हवाबंद डब्यात ठेवून रात्रभर सोडा. सकाळी आकडा 75 हवा. 82 दाखवत असेल तर तुमचं यंत्र आर्द्रता कारण नसताना सात अंकांनी जास्त खाली ओढत राबतंय. दर मे महिन्यात, पाऊस लागण्याआधी, हे करा. सेन्सर एसीच्या झोतात लावू नका. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे लावा, बुरशी तिथेच सुरू होते.

आणि हे सगळे निर्णय हॉटेलातल्याच कंट्रोलरने घ्यायला हवेत, दूरच्या सर्व्हरने नव्हे. घाटमाथ्यावर झाड पडून लाइन जाते तेव्हा इंटरनेटही जातं. वीज परत आल्यावर चाळीस खोल्यांचे एसी एकदम उठले तर त्या महिन्याची कमाल मागणी तिथेच ठरते आणि बिलात दिसते. कंट्रोलरला एकेका मजल्यामागे दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवायला सांगा.

तळेगावचे गुलाब पुढच्या आठवड्यात. त्यांचा प्रश्न बरोबर उलटा आहे : तिथे हवा कोरडी पडून चालत नाही.