खानावळीची वही आणि मराठी रहस्यकथा

नवी मुंबईतल्या शिरवण्याच्या गावठाणात भाड्याच्या खोल्यांमधून एकट्याने राहणारे कामगार पुष्कळ. नोकरी एमआयडीसीत, जेवण खानावळीत. इथल्या एका खानावळवाल्या काकूंनी आपल्या एका मेंबरची नोकरी गेल्याचं त्याने न सांगताच ओळखलं होतं. पोरगा रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी परत आणून द्यायचा. पण कंपनीत पाळी दर आठवड्याला बदलते आणि याचा डबा सलग तीन आठवडे सकाळचाच. शिवाय डब्याच्या कडीला ग्रीसचे काळे डाग असायचे, ते दिसेनासे झाले होते. काकूंनी वाच्यता केली नाही. त्याची बाकी वहीत तशीच राहू दिली आणि दुसऱ्या एका मेंबरच्या कानावर घालून त्याला कामाला लावलं.

इंग्रजीत ज्याला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात, त्या घरगुती रहस्यकथेचा जीव एवढ्याच ऐवजात असतो. गाव लहान, माणसं ओळखीची, रक्तपात पडद्याआड आणि शोध घेणारी व्यक्ती पोलिसखात्याबाहेरची. अमेरिकेत तर छोट्या हॉटेलांच्या मालकिणींनी हा प्रांत केव्हाच काबीज केला. मेरी डेहाइम यांची अशी मालिका 1991 साली ‘जस्ट डेझर्ट्‌स’ने सुरू झाली, तिची नायिका ज्युडिथ पाहुण्यांची न्याहारी करता करता खुनाचा माग काढते. अगाथा ख्रिस्तीला मात्र हॉटेल हवं असे ते घटनास्थळ म्हणून. 1952 साली लंडनच्या रंगभूमीवर आलेल्या ‘द माउसट्रॅप’मधलं तरुण जोडपं गेस्ट हाउस चालवतं, पण संशयाच्या फेऱ्यात तेही असतं. ‘अ‍ॅट बर्ट्राम्स हॉटेल’मध्ये मिस मार्पल उतरते ती पाहुणी म्हणून.

आपल्याकडे काय? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंझार आणि धनंजय घराघरांत वाचले गेले. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी दिला, अमर विश्वाससारखा वकील दिला. हौशी शोधकाच्या सगळ्यात जवळ पोचला तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, आणि तो शाळकरी पोरगा! या सगळ्यांवर माझा जीव आहे. तरी गल्ल्यावर बसून गुन्हा उकलणारी बाई माझ्या वाचनात आली नाही, याची मला खरोखर खंत वाटते.

प्रत्यक्षातल्या गुन्ह्यांना मात्र जेवणाचं टेबल अपरिचित नाही. 6 एप्रिल 1986 रोजी मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी चार्ल्स शोभराजला पकडलं ते गोव्यात, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या हॉटेलात. झेंड्यांनी त्याला 1971 साली एकदा अटक केली होती, त्यामुळे चेहरा ओळखीचा. तिहारमधून पळालेल्या माणसासाठी ते गिऱ्हाइकासारखे बसून राहिले. माणूस कुठेही लपला तरी जेवायला बाहेर येतो, हे खानावळवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि दूर कशाला जायचं? शिरवण्याला लागून असलेल्या जुईनगरात नोव्हेंबर 2017 मध्ये चोरांनी भाड्याने घेतलेल्या दुकानातून भुयार खणून बँक ऑफ बडोदाच्या शाखेतले 30 लॉकर फोडले. पोलिसांनी पुढे टोळी पकडली. माझं मन अडतं ते एकाच प्रश्नाशी: भुयारातली माती कुठे गेली? घरगुती रहस्यकथा इथून सुरू होते. दुकानात माल किती येतो, गोण्या किती बाहेर जातात आणि ती पोरं चहाला कोणत्या वेळी येतात, हे ज्याच्या रोज डोळ्यांखालून जातं, तोच तिचा नायक.

असा नायक घडवायला कच्चा माल आपल्याकडे ढिगाने आहे. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रत्येकीकडे मेंबरांची वही, प्रत्येकीला कुणाचा पगार कधी होतो आणि कोण गावी पैसे पाठवायचा थांबला हे ठाऊक. त्यांच्या कष्टांवर लिहिलं गेलं. त्यांच्या नजरेवर जवळजवळ काहीच नाही.

म्हणून रहस्यकथा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या दिवाळी अंकासाठी एक कथा सायन-पनवेल महामार्गालगतच्या एखाद्या खानावळीत घडू द्या. आगरी कालवणाचा वास तिच्यात असू द्या, मेंबरांची वही असू द्या, आणि तपास काकूंना करू द्या. मी पहिला वाचक.