अल्झायमर : बरा होत नाही, पण उपचार आहेत

जेवण झालेले असूनही आजी म्हणते, "मला कोणी जेवायला दिलं नाही." आयुष्य ज्या वस्तीत गेले तिथेच आजोबा वाट चुकतात. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच. कोणी बाहेरची बाधा समजून भगताकडे नेतात. दोन्हींत उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे. १९०६ साली जर्मन डॉक्टर अलॉईस अल्झायमर यांनी त्याची पहिली नोंद मांडली.

आधी निदान

प्रत्येक विसराळूपणा म्हणजे अल्झायमर नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही स्मरणशक्ती ढासळते आणि उपचाराने ती सुधारू शकते. म्हणून मनोविकारतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक आहे.

औषधे काय करतात?

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलेंटामिन ही औषधे मेंदूतील स्मृतीसाठी लागणारे अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन टिकवून ठेवतात. आजार वाढल्यावर मेमँटिनही देतात. यांनी काही काळ लक्षणे आटोक्यात राहतात. आजार मुळातून जात नाही.

लेकानेमॅब (२०२३) आणि डोनानेमॅब (२०२४) या इंजेक्शनांना अमेरिकेत मान्यता मिळाली. ती मेंदूत साचलेले अमायलॉईड प्रथिन काढून टाकतात. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी मंदावला. मात्र ती फक्त सुरुवातीच्या अवस्थेत उपयोगी आहेत, अतिशय महाग आहेत आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. गेलेली स्मृती कोणतेच औषध परत आणत नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहा.

घरातला उपचार

ठरलेली दिनचर्या, रोज चालणे, ओळखीची गाणी, जुने फोटो, चष्मा व श्रवणयंत्र यांचा खरा उपयोग होतो. रुग्णाशी वाद घालू नका. शांतपणे विषय बदला. खिशात नाव-पत्ता व फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

हा सारा भार बहुतेक घरांत एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो. तिलाही विश्रांती हवी. घरातल्या पुरुषांनी पाळी वाटून घ्यावी.

तरुण कार्यकर्त्यांनी विहारातील आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखरेबरोबर ज्येष्ठांच्या स्मृतीचीही चौकशी सुरू करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा नंबर प्रत्येक घरी पोहोचवा.