सुई आणि स्पीकर यांच्यामधली डबी

गेल्या काही वर्षांत ध्वनिमुद्रिकांना, म्हणजेच रोजच्या बोलीतल्या रेकॉर्डना, पुन्हा बरे दिवस आले आहेत. माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेले नाट्यसंगीताचे, अभंगांचे, ख्यालगायनाचे एलपी खाली उतरवले जात आहेत आणि नवी पिढी हौसेने टर्नटेबल घरी आणते आहे. मात्र या उत्साहाला पहिला धक्का बसतो तो बहुधा पहिल्याच संध्याकाळी. टर्नटेबलची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ‘ऑक्स’ असे लिहिलेल्या जागी खोचावी, सुई अलगद रेकॉर्डवर ठेवावी, आणि आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवूनही ऐकू यावे ते शेजारच्या घरात लागलेल्या रेडिओसारखे क्षीण, खर्ज हरवलेले गाणे. यात दोष रेकॉर्डचा नसतो आणि टर्नटेबलचाही नसतो. मधली एक छोटी डबी राहून गेलेली असते. तिचे नाव फोनो प्रीअ‍ॅम्प.

ही डबी घ्यायची म्हटली की किंमत आणि कंपनीचे नाव यांवरच चर्चा सुरू होते. वास्तविक ती निवडायची असते कार्ट्रिजकडे पाहून. सुई जिच्या टोकाला बसवलेली असते त्या इवल्याशा भागाबरोबर एक माहितीपत्रक येते, आणि त्यातले तीन आकडे नीट वाचले तर स्वस्तातला प्रीअ‍ॅम्पही उत्तम काम देतो. ते न वाचता घेतलेला महागडा प्रीअ‍ॅम्प मात्र चांगल्या रेकॉर्डचा आवाज कर्कश किंवा मिणमिणीत करून टाकू शकतो. दुर्दैव असे की अशा वेळी संशय जातो तो जुन्या रेकॉर्डवर. ‘खराब झाली’ म्हणून ती रद्दीच्या भावाने निघून जाते, आणि यातल्या काही ध्वनिमुद्रिका पुढे सीडीवरही आलेल्या नसतात.

आधी या डबीचे काम समजून घेऊ. कार्ट्रिजमधून निघणारी वीज फार थोडी असते, व्होल्टच्या काही हजारांश इतकी. अ‍ॅम्प्लिफायरला लागतो साधारण एक तृतीयांश व्होल्ट. तेव्हा पहिले काम हा आवाज वाढवण्याचे. पण दुसरे काम अधिक नाजूक आहे. रेकॉर्डवर गाणे जसेच्या तसे कोरलेले नसते. खर्जाचे स्वर पूर्ण ताकदीने कोरले तर खाच इतकी रुंद नागमोडी होईल की एका बाजूवर फारसे गाणे मावणार नाही, शिवाय सुई उडेल ती वेगळीच. म्हणून कोरताना खर्ज दाबला जातो. उलट तार स्वर मुद्दाम वाढवले जातात, कारण वाजवताना ते पुन्हा खाली आणले की त्यांच्याबरोबर रेकॉर्डच्या पृष्ठभागाची खरखरही खाली जाते. किती दाबायचे आणि किती वाढवायचे हे पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या मताने ठरवी. १९५४ साली अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि पुढे ते जगभर रूढ झाले. त्या संघटनेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आरआयएए’ वक्र म्हणतात. हा वक्र उलटा फिरवणे हे प्रीअ‍ॅम्पचे काम. सर्वांत खालच्या, २० हर्ट्झच्या स्वराला तो मध्याच्या तुलनेत सुमारे १९ डेसिबल उचलतो आणि २० हजार हर्ट्झच्या स्वराला जवळजवळ २० डेसिबल खाली आणतो. दोन टोकांत मिळून हा फरक ८५ ते ९० पट भरतो. आवाजाचे बटण कितीही फिरवले तरी खर्ज का सापडत नाही, याचे उत्तर यात आहे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट पडताळून पाहावी, ती म्हणजे ही डबी आपल्याकडे आधीच आहे की काय. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ‘फोनो’ नावाची वेगळी जोडणी असे आणि प्रीअ‍ॅम्प तिच्या पोटातच असे. सीडीचा जम बसल्यावर अनेक उत्पादकांनी ती सोय काढून टाकली. याउलट आजच्या अनेक टर्नटेबलमध्ये, उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६० किंवा एलपी-१२० एक्समध्ये, प्रीअ‍ॅम्प अंगचाच असतो आणि मागे ‘फोनो’ व ‘लाइन’ असा खटका असतो. खटका ‘लाइन’वर ठेवून वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘फोनो’त घातली तर वक्र दोनदा लागू होतो, आवाज घुमतो, फाटतो आणि गायक घागरीत तोंड घालून गातो आहे असे वाटते. तसे होत असेल तर नवे काही विकत आणण्याआधी तो खटका तपासावा. अंगच्या प्रीअ‍ॅम्पवर सरसकट नाक मुरडण्याचेही कारण नाही. सुरुवातीला तो पुरेसा असतो.

आता ते तीन आकडे. पहिला मिलिव्होल्टचा. कार्ट्रिजचे मुख्य प्रकार दोन. ‘मूव्हिंग मॅग्नेट’मध्ये सुईबरोबर चुंबक हलतो, ‘मूव्हिंग कॉइल’मध्ये तारेची वेटोळी हलतात. पहिल्या प्रकारातली परवडणारी आणि नावाजलेली दोन उदाहरणे म्हणजे ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम-९५ ई आणि ऑर्टोफोनची २ एम रेड. पहिली ४ मिलिव्होल्ट देते, दुसरी ५.५. प्रीअ‍ॅम्पच्या पत्रकात ४० डेसिबल वाढ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ शंभर पट. ४ मिलिव्होल्टचे ०.४ व्होल्ट होतात आणि काम भागते. मूव्हिंग कॉइलचे प्रसिद्ध उदाहरण डेनॉनची डीएल-१०३, जी जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या सहकार्याने १९६०च्या दशकात तयार झाली आणि तिची लोकप्रियता आजतागायत टिकून आहे. ती देते फक्त ०.३ मिलिव्होल्ट. तिला शंभर पट वाढ पुरत नाही, हजार पट, म्हणजे ६० डेसिबल लागते. उलट ५.५ मिलिव्होल्टच्या कार्ट्रिजला हजार पट वाढ दिली तर जोरकस तानेला आवाज फाटलाच म्हणून समजा. सीडी प्लेयर दोन व्होल्टपर्यंत देतो, त्यामुळे रेकॉर्ड त्याच्यापेक्षा हळू वाजते. तो बिघाड नव्हे, बटण थोडे अधिक फिरवावे.

दुसरा आकडा ओहमचा, आणि तो लवकर निकालात निघतो. मूव्हिंग मॅग्नेटसाठी ४७ हजार ओहम ही सर्वमान्य रीत आहे आणि बहुतेक प्रीअ‍ॅम्प तीच पाळतात. मूव्हिंग कॉइलसाठी १०० ओहमच्या आसपासची सोय असते. डीएल-१०३ च्या वेटोळ्यांचा रोध ४० ओहम आहे, तेव्हा १०० ओहम ही तिच्यासाठी खालची मर्यादा समजावी. अधिक असला तर उत्तम.

तिसरा आकडा पिकोफॅरडचा. दुकानात याविषयी कोणी बोलत नाही, आणि स्वस्त प्रीअ‍ॅम्पच्या निवडीत खरी गोम इथेच आहे. कपॅसिटन्स, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली धारिता, केवळ प्रीअ‍ॅम्पमध्ये नसते. टर्नटेबलच्या दांडीतली बारीक तार, मागून निघणारी वायर आणि प्रीअ‍ॅम्पचे प्रवेशद्वार या तिघांची बेरीज कार्ट्रिजला जाणवते. मूव्हिंग मॅग्नेटच्या वेटोळ्यांची प्रवर्तकता आणि ही धारिता मिळून एक झुला तयार होतो आणि त्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते. त्या ठिकाणी आवाजाला उठाव येतो, त्याच्यावरचे स्वर झपाट्याने गळून पडतात. व्हीएम-९५ ई साठी कंपनी एकूण १०० ते २०० पिकोफॅरड सुचवते. २०० पिकोफॅरडला हा झुला सुमारे १५ हजार हर्ट्झवर बसतो, बहुतेकांच्या कानांच्या मर्यादेजवळ. आता समजा, दांडी आणि वायर मिळून १५० पिकोफॅरड आहेत आणि प्रीअ‍ॅम्पमध्ये उत्पादकाने २२० घातले आहेत. बेरीज ३७०. झुला थेट ११ हजारांच्या आसपास उतरतो. गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ टोचू लागतात, झांजा कर्कश होतात, आणि त्याच वेळी वरची मोकळी हवा नाहीशी होते. तंबोऱ्याच्या जवारीतली ती सूक्ष्म झळाळी हरवते, ती याच पट्ट्यात. २ एम रेड थोडी सोशिक आहे, तिला १५० ते ३०० चालतात. तोच प्रीअ‍ॅम्प, तीच वायर, पण कार्ट्रिज बदलली की निकाल बदलतो. म्हणून ‘अमुक प्रीअ‍ॅम्प चांगला’ या शिफारशीला, बरोबर कोणती कार्ट्रिज होती हे सांगितल्याशिवाय फारसा अर्थ नसतो.

इथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. धारिता वाढवणे सोपे, कमी करणे अवघड. म्हणून शंका असेल तेव्हा कमी धारितेचा प्रीअ‍ॅम्प घ्यावा. आर्ट कंपनीच्या डीजे प्री-टू या साध्या डबीवर १०० आणि २०० पिकोफॅरड असा खटका असतो, वाढ कमी-जास्त करण्याचे बटणही असते. मूव्हिंग मॅग्नेटवाल्यांसाठी ही सोय देखण्या पेटीपेक्षा मोलाची. पत्रकात हा आकडाच छापलेला नसेल तर कंपनीला पत्र लिहून विचारावा. सांगण्यास टाळाटाळ झाली तर तो प्रीअ‍ॅम्प सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टर्नटेबलमधून निघणारी वायर सुटी असेल तर तीही आखूड घ्यावी. साधारण वायरीत मीटरमागे शंभरेक पिकोफॅरड सहज असतात. नेमके मोजायचेच असेल तर दोन्ही टोके मोकळी ठेवून मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यात मीटर लावावा. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असा मीटर मिळण्यास अडचण पडू नये. मूव्हिंग कॉइलला मात्र या आकड्याचे सोयरसुतक नसते. तिची वेटोळी इतकी लहान असतात की झुला श्रवणमर्यादेच्या फार वर राहतो.

तर मग मूव्हिंग कॉइलच का घेऊ नये? बजेट मर्यादित असेल तर माझे उत्तर नकारार्थी आहे. हजार पट वाढ करताना प्रीअ‍ॅम्पची स्वतःची सूंऽऽ ही हजार पट वाढते, आणि शांतपणे ते काम करणारी डबी स्वस्तात मिळणे कठीण. दुसरे म्हणजे मूव्हिंग मॅग्नेटची सुई घरच्या घरी उपसून बदलता येते, मूव्हिंग कॉइलची सहसा येत नाही. सुई झिजली की बहुधा सगळी कार्ट्रिजच बदलण्याची पाळी. पुढे कधीतरी तो मोह होणार अशी खात्रीच असेल तर केंब्रिज ऑडिओच्या अल्व्हा ड्युओप्रमाणे दोन्हींची सोय असलेली डबी घ्यावी. डेनॉनच्या डीएल-११० सारख्या काही मूव्हिंग कॉइल १.६ मिलिव्होल्ट देतात आणि साध्या प्रीअ‍ॅम्पवरही चालतात, हा मधला मार्ग.

जोडणी झाल्यावर घूंऽऽ असा आवाज आला तर प्रीअ‍ॅम्पला दोष देण्याआधी टर्नटेबलची अर्थची बारीक तार प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला लावली आहे ना, हे पाहावे. डबी अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये, त्यातल्या ट्रान्सफॉर्मरची घूं ती आनंदाने उचलते. अमेरिकेतल्या भावाने किंवा भाचीने येताना डबी आणली असेल तर तिचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टचा आहे का, हे प्लग खोचण्यापूर्वी वाचावे. काही प्रीअ‍ॅम्पना, शीट कंपनीच्या मानीला उदाहरणार्थ, एसी पुरवठा देणारा अडॅप्टर लागतो; ड्रॉवरमध्ये पडलेला साधा डीसी अडॅप्टर तिथे चालत नाही.

आपल्याकडच्या संग्रहांसाठी दोन सोयी विशेष उपयोगी. आपल्या हवेत आणि आडव्या रचून ठेवण्याच्या सवयीत रेकॉर्ड वाकतात. वाकडी रेकॉर्ड फिरू लागली की ऐकू न येणारी मंद कंपने निर्माण होतात आणि स्पीकरचा पडदा आतबाहेर धापा टाकू लागतो. प्रीअ‍ॅम्पवर ‘लो कट’ किंवा ‘सबसॉनिक’ असा खटका असेल तर तो इथे कामाला येतो. दुसरी सोय ‘मोनो’ खटक्याची. जुन्या मोनो रेकॉर्डमध्ये गाणे सुईच्या आडव्या हालचालीत असते, उभ्या हालचालीतून येते ती बरीचशी धूळ आणि चरे. मोनो केले की ती खरखर लक्षणीय कमी होते.

वडिलांच्या काळातले एचएमव्ही फिएस्टासारखे पेटीवजा यंत्र घरात असेल तर मात्र वरचे सारे गणित बाजूला ठेवावे. त्या यंत्रांत बहुधा सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असे. ती शेकडो मिलिव्होल्ट देते आणि तिच्या घडणीमुळे वक्राची भरपाई बरीचशी आपोआप होते. तिला फोनो प्रीअ‍ॅम्प जोडला तर आवाज फाटतो. तशी यंत्रे आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवावीत, आणि त्यांचा सुईचा भार जास्त असल्याने जपून ठेवलेले एलपी त्यांवर लावू नयेत. ७८च्या जुन्या तबकड्यांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या खाचा रुंद, म्हणून सुईही जाड लागते. एलपीची सुमारे १८ मायक्रॉन, तर यांची ७६ मायक्रॉनच्या आसपास. व्हीएम-९५ च्या मालिकेत अशी सुई वेगळी मिळते आणि त्याच कार्ट्रिजवर बसते. १९५४ पूर्वीच्या तबकड्यांना आरआयएए वक्र लागू नाही, त्यामुळे साध्या प्रीअ‍ॅम्पवर त्या थोड्या जाड आणि बंद वाजतात. अ‍ॅम्प्लिफायरचे बास कमी आणि ट्रेबल किंचित जास्त केले की गाणे पुष्कळसे उघडते.