पांढऱ्या घोडीचे तांबडे शिंगरू

लग्नसराई सुरू झाली की बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, पांढऱ्या घोडीला मागणी येते. वरातीसाठी घोडी पाळणे हा काही कुटुंबांचा चरितार्थच आहे. समजा, अशाच एका घोडीवाल्याच्या पांढऱ्याशुभ्र घोडीला शिंगरू झाले आणि ते निघाले तांबडे. आता गावात तीन मते ऐकू येतील. घोडी विकणाऱ्याने फसवले, हे एक. सांगितलेला वळू घोडा तो नव्हताच, हे दुसरे. शिंगरू अपशकुनी आहे, येईल त्या किमतीला काढून टाका, हे तिसरे. ही तिन्ही मते चुकीची असू शकतात. कदाचित तेच शिंगरू सात-आठ वर्षांनी आईसारखे पांढरे झालेले दिसेल!

हे कसे होते, ते पाहू या. मेंडेलचे नियम शिकवताना आपण वाटाण्याचे उदाहरण देतो. घोड्याच्या अंगावर तेच नियम चालताना दिसतात.

दोन रंगद्रव्ये, अनेक रंग

बाजारात घोड्यांच्या रंगांना खास नावे आहेत. काळा तो मुश्की, तांबूस-तपकिरी अंगाचा पण काळ्या आयाळीचा व काळ्या पायांचा तो कुमाईत, अंग आणि आयाळ दोन्ही तांबडी असलेला तो सुरंग, पांढऱ्या व गडद पट्ट्यांचा तो अबलख, राखी रंगाचा तो सब्जा, आणि गुलाबी कातडीचा पांढरा तो नुकरा. प्रदेशाप्रमाणे या नावांत थोडाफार फरक पडतो.

इतके रंग असले तरी केसांत रंगद्रव्ये दोनच असतात. एक काळे, यूमेलॅनिन. दुसरे तांबडे-पिवळे, फिओमेलॅनिन. कोणते द्रव्य किती बनायचे, शरीरावर कोठे बनायचे आणि ते फिके करायचे की नाही, हे जनुके ठरवतात. घोड्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 32 जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येत असल्याने प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती शिंगराला मिळतात.

पहिले जनुक काळ्या रंगाच्या बटणासारखे आहे. त्याचे चालू रूप ‘क’ आणि बंद रूप ‘त’ मानू. ‘क’ प्रभावी आहे. कक किंवा कत असेल तर केसांत काळे द्रव्य बनू शकते. दोन्ही प्रती ‘त’ असतील तर ते बनत नाही आणि घोडा सुरंग होतो. यावरून एक पक्का नियम निघतो: आई व वडील दोघेही सुरंग असतील तर काळे किंवा कुमाईत शिंगरू होणार नाही. उलट, दोन कुमाईत घोड्यांना सुरंग शिंगरू मात्र होऊ शकते, कारण दोघांजवळही एकेक ‘त’ लपलेला असू शकतो. असे शिंगरू झाले म्हणून वळू घोड्याच्या मालकाशी भांडायला जाण्याचे कारण नाही.

या साध्या नियमावरून इंग्लंडात मोठा वाद झाला होता. 1906 साली हर्स्ट या संशोधकाने शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळी तपासून सुरंग रंग मेंडेलच्या नियमाप्रमाणे अप्रभावी असल्याचे दाखवले. मेंडेलवादाचे विरोधक वेल्डन यांनी त्याच नोंदवहीतून अपवाद शोधायला सुरुवात केली. त्या कामात गढलेले असतानाच त्याच वर्षी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. 1996 साली या रंगाला कारणीभूत असलेला डीएनएमधील बदलच सापडला आणि हर्स्ट यांचे म्हणणे रेणूच्या पातळीवर सिद्ध झाले.

दुसरे जनुक काळ्या रंगाची जागा ठरवते. त्याचे प्रभावी रूप ‘म’ काळ्या रंगाला आयाळ, शेपूट आणि पाय यांपुरती मर्यादा घालते. असा घोडा कुमाईत होतो. दोन्ही प्रती अप्रभावी, म्हणजे ‘न’, असतील तर मर्यादा राहत नाही आणि काळे बटण चालू असलेला घोडा पूर्ण काळा होतो. मात्र ततच्या घोड्यात काळा रंगच नसल्याने दुसरे जनुक कोणतेही असले तरी बाहेरून फरक दिसत नाही.

फिके करणारे जनुक

तिसऱ्या एका जनुकाचा प्रकार वेगळा आहे. त्याच्या बदललेल्या रूपाची एक प्रत असेल तर सुरंग घोडा सोनेरी होतो व त्याची आयाळ पांढरट दिसते. दोन प्रती आल्या तर अंग जवळजवळ पांढरे, कातडी गुलाबी आणि डोळे निळसर होतात. गुलबक्षीच्या फुलांवरून आपण अपूर्ण प्रभाविता शिकवतो, तिचेच हे उदाहरण. दोन सोनेरी घोड्यांच्या संकरात सुरंग, सोनेरी व पांढरट शिंगरांचे अपेक्षित प्रमाण 1:2:1 असते. गुलाबी कातडीचा पांढरा घोडा आणखी एका मार्गाने होऊ शकतो. रंगपेशी कातडीपर्यंत पोहोचूच न देणाऱ्या जनुकांमुळे तो जन्मतःच पांढरा असतो. अबलखाचे पांढरे पट्टेही अशाच कारणाने पडतात.

घोडीचे रहस्य

आता आपल्या घोडीकडे वळू. तिच्या नाकपुड्यांजवळची कातडी पाहा. ती काळी असेल तर घोडी बहुधा जन्मतः पांढरी नाही, ती सब्जा आहे. सब्जा घोडा काळा, कुमाईत किंवा सुरंग असा कोणत्याही रंगात जन्मतो आणि वयाबरोबर त्याचे केस पांढरे होत जातात. हे घडवणारा बदल 2008 साली सापडला. डीएनएचा सुमारे 4,600 अक्षरांचा एक तुकडा या घोड्यांत दोनदा आलेला असतो. हा गुण प्रभावी आहे. म्हणून सब्जा घोड्याच्या आईवडिलांपैकी निदान एक जण सब्जा असतोच. घोडीजवळ या जनुकाची एकच प्रत असेल आणि वळू सब्जा नसेल, तर निम्मी शिंगरे पुढे पांढरी होतील व निम्मी जन्माच्याच रंगाची राहतील. तांबड्या शिंगराच्या डोळ्यांभोवती पांढरे केस डोकावू लागले, तर ते आईच्या वाटेने चालले आहे असे समजावे.

या रंगाला एक किंमतही मोजावी लागते. पंधरा वर्षांवरील सब्जा घोड्यांपैकी सुमारे 70 ते 80 टक्के घोड्यांच्या कातडीत काळ्या गाठी होतात. शेपटीच्या मुळाखाली, गुदद्वाराजवळ, ओठांवर आणि डोळ्यांजवळ त्या आढळतात. त्या सावकाश वाढतात, पण काही पुढे घातक ठरतात. शेपूट उचलून वर्षातून दोनदा पाहणे एवढे तरी मालकाने करावे. गुलाबी कातडीच्या नुकऱ्याला वेगळा त्रास असतो. उन्हाने त्याचे नाक व ओठ भाजतात, म्हणून घाटाखालच्या वैशाखात त्याला दुपारी सावलीतच ठेवावे.

भोवरे मोजू नका, नाडी मोजा

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे काय किंवा अन्यत्र काय, घोड्याचा रंग, कपाळावरचा टिळा आणि अंगावरचे भोवरे पाहून शुभ-अशुभ ठरवण्याची चाल आहे. भोवरा म्हणजे केसांच्या वाढीची दिशा. त्यावरून मालकाचे नशीब ठरत नाही. पण रंगाच्या मोहात न पाहिलेला खूर किंवा न दिलेली लस यांमुळे घोडा जाऊ शकतो आणि त्याबरोबर कुटुंबाची कमाईही.

विश्रांती घेत असलेल्या निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान सुमारे 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांना लागते. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावी.

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे चुकीचे खाणे पोटशुळाला कारण होते. चंदी थोडी थोडी आणि ठरलेल्या वेळी द्यावी, कडबा किंवा गवत भरपूर असावे, स्वच्छ पाणी कमी पडू देऊ नये. लग्नाच्या पंगतीतले उरलेले अन्न प्रेमाने घोड्यापुढे ठेवले जाते. त्याने पोटशूळ होतो, खुरांचा दाहही होऊ शकतो. बुरशी लागलेला मका घोड्याच्या मेंदूला इजा करतो. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन हे औषध घोड्याला थोड्या मात्रेतही मारक ठरते, म्हणून ते खाद्य त्याच्या तोंडी लागू देऊ नये. घोडा वारंवार लोळू लागला, पोटाकडे वळून पाहू लागला, लीद बंद झाली, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे.

धनुर्वाताचे जंतू मातीत व लिदीत असतात. खुरात शिरलेला एक खिळा त्यांना पुरतो. लस घेतली तर हा मृत्यू टळतो. खूर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून साफ करून घ्यावेत. पावसाळ्यात व त्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माशा सर्रा रोग पसरवतात. याचे परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 साली डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधले. गाई-म्हशींत ते फारशी लक्षणे न दाखवता राहू शकतात. घोड्याला मात्र थांबून थांबून ताप येतो, पाय व पोटाखालचा भाग सुजतो, रक्त कमी होते आणि उपचार न झाल्यास तो बहुधा दगावतो. नाकातून घट्ट स्राव व अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास ग्लँडर्सची शंका घ्यावी. 2006 साली महाराष्ट्रातही आढळलेला हा रोग माणसाला होतो. त्याची खबर पशुसंवर्धन खात्याला देणे कायद्याने बंधनकारक आहे.

वर्गासाठी

बारावीच्या विद्यार्थ्यांना एक उदाहरण द्यावे. कत-मन असलेल्या दोन कुमाईत घोड्यांचा सोळा चौकटींचा तक्ता मांडला तर कुमाईत, काळा व सुरंग यांचे प्रमाण काय येईल? उत्तर 9:3:4 असे येते. नेहमीचे 9:3:3:1 का येत नाही, हे त्यांनाच शोधू द्यावे.

मग मालकाची परवानगी घेऊन गावातल्या घोडीपाशी जावे. वहीत तिचा रंग, नाकाजवळच्या कातडीचा रंग आणि ठाऊक असल्यास आईवडिलांचे रंग लिहावेत. शेजारच्या रकान्यात नाडी, श्वास आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी दिली ते लिहावे. हा शेवटचा रकाना कोरा राहिला, तर त्याच दिवशी मालकासोबत पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन यावे.