नाव झाका आणि हुकूम वाचा

(शिरूर तालुक्यातील निमोणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय राजकारणाचा आहे, पण काळजी करू नका, कुणाला मत द्या हे सांगायला मी आलेलो नाही.

आपण नेहमी बघतो. नवा माणूस खुर्चीवर बसतो. मुख्यमंत्री असेल, दुसऱ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष असेल, नाहीतर आपल्याच गावचा सरपंच. पहिल्या काही आठवड्यांत धडाधड हुकूम सुटतात आणि पारावर दोन तट पडतात. एका तटाला प्रत्येक हुकूम भारी वाटतो, दुसऱ्याला प्रत्येक हुकमात वाटोळं दिसतं. आणि बहुतेक वेळा हुकूम दोघांपैकी कुणीच वाचलेला नसतो.

तुम्ही कांदा पिकवणारी माणसं आहात. निवड करताना अख्खी चाळ चांगली किंवा अख्खी चाळ सडकी, असं आपण म्हणतो का? एकेक कांदा हातात घेऊन बघतो. नव्या सत्ताधाऱ्याच्या हुकमांचंही तसंच करावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

त्यासाठी थोडं जुनं उदाहरण घेऊ. जुनं यासाठी, की आता त्यावर कुणाचं डोकं तापणार नाही. ९ जून १९८० रोजी बॅरिस्टर अ. र. अंतुले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. झटपट निर्णय ही त्यांची ख्याती. त्याच वर्षी त्यांच्या सरकारनं संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. विधवा, अपंग, अनाथ, ज्यांना कुणाचा आधार नाही अशांना सरकारनं दरमहा पैसे द्यायचे. १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. १ मे १९८१ रोजी जालना आणि सिंधुदुर्ग हे नवे जिल्हे अस्तित्वात आले.

आणि त्याच काळात त्यांनी एक न्यासही उभा केला, इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. हेतू सांगितला होता साहित्यिक-कलावंतांना मदत करण्याचा. तेव्हा सिमेंट खुल्या बाजारात हवं तेवढं मिळत नसे, सरकारी परवाना लागे. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला, की बांधकाम व्यावसायिकांना झालेलं सिमेंटवाटप आणि त्यांनी न्यासाला दिलेल्या देणग्या यांचा संबंध आहे. अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. फौजदारी प्रकरण पुढं अनेक वर्षं रेंगाळलं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं, खटला उच्च न्यायालयाकडे नेण्याचा आपलाच आधीचा आदेश बहुमतानं रद्द केला. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आपणच अर्धवट हिशेब मांडतो.

आता मला सांगा, हा माणूस चांगला की वाईट? एका शब्दात उत्तर द्यायला गेलात तर फसाल. 'सिमेंटवाला मुख्यमंत्री' म्हणून सगळंच फेकून दिलं असतं, तर निराधार योजनाही गेली असती. आज शिरूरच्या तहसील कचेरीत एखादी विधवा बाई 'संजय गांधी'चा अर्ज घेऊन जाते, ती त्याच माणसाच्या पहिल्या वर्षातल्या निर्णयावर उभी आहे. उलट 'गरिबांचा कैवारी' म्हणून सगळंच डोक्यावर घेतलं असतं, तर देणग्यांचा हिशेब कुणी विचारलाच नसता. दोन्हीकडं नुकसान आपलंच.

मग हुकूम तपासायचा कसा? मी चार प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, हातात कागद कोणता आहे? सभेतली घोषणा वेगळी, मंत्रिमंडळाचा निर्णय वेगळा, शासन निर्णय म्हणजे ज्याला आपण जीआर म्हणतो तो वेगळा. अध्यादेश त्याहून वेगळा. त्यावर राज्यपालांची सही लागते आणि विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर तो संपतो. घोषणेला टाळ्या आणि जीआरला मात्र कुणी विचारत नाही, असं होता कामा नये.

दुसरा प्रश्न, अधिकार आहे का, आणि पैसा कुणाच्या हातात आहे? अमेरिकेचं उदाहरण देतो. बराक ओबामा अध्यक्ष झाले आणि दोन दिवसांत, २२ जानेवारी २००९ रोजी, ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश त्यांनी काढला. जगभर कौतुक झालं. पण तिथल्या संसदेनं कैदी हलवायला पैसाच अडवला. ओबामांची आठ वर्षं संपली, तुरुंग चालूच राहिला. हेतूला गुण द्यायचे असतील तर जरूर द्या, पण कामाचे गुण सहीच्या दिवशी देता येत नाहीत.

तिसरा प्रश्न, लाभ कुणाला आणि भार कुणावर? निराधार योजनेत लाभ कुणाला हे उघड होतं, कागदावर लिहिलेलं होतं. सिमेंटच्या वाटपात तो शोधून काढावा लागला, पत्रकारांना आणि न्यायालयाला. लाभार्थी उघड सांगता येत नसेल तर त्या हुकमाकडं दोनदा बघायचं.

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण तो स्वतःला विचारायचा आहे. हाच हुकूम दुसऱ्या पक्षानं काढला असता तर मी काय म्हटलं असतं? इथं आपल्या गावाजवळचं उदाहरण घेऊ. थेट सरपंच. २०१७ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारनं सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरवलं. २०१९ च्या नोव्हेंबरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि २०२० च्या सुरुवातीलाच ती पद्धत रद्द करायला निघाले. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, म्हणून सरकारनं विधिमंडळात विधेयक आणून ते मंजूर करून घेतलं. मग ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि पंधरवड्यात, जुलैमध्ये, थेट निवड परत आली.

आठवून बघा, आपण त्या तिन्ही वेळी काय बोललो. बऱ्याच जणांचं मत सरकारबरोबर बदललं असेल. (हशा) हसताय म्हणजे पटतंय. खरं तर दोन्ही बाजूंना मुद्दा आहे. थेट निवडीत सदस्यांची पळवापळवी थांबते, मतदाराला कळतं की आपण कुणाला बसवलं. पण सरपंच एका गटाचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या गटाचं असलं, की ठराव अडकतात, नळाची पाइपलाइन राहते बाजूला. हा वाद पक्षाचं नाव न घेता करता येतो. करून बघा, जड जातं पण जमतं.

विरोधकालाही हे जमतं, याचा एक दाखला देतो. जानेवारी २०१७ मध्ये डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. २३ तारखेला त्यांनी पॅसिफिक देशांच्या व्यापार करारातून अमेरिकेला बाहेर काढलं. विरोधातले सिनेटर बर्नी सँडर्स यांनी या निर्णयाचं स्वागत केलं, कारण तो करार कामगारांच्या हिताचा नाही हे त्यांचं आधीपासूनचं मत होतं. २७ तारखेला सात देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी करणारा आदेश निघाला, त्याला मात्र सँडर्स यांनी कडाडून विरोध केला. माणूस तोच, आठवडाही जवळजवळ तोच. तो प्रवेशबंदीचा आदेश न्यायालयांनी काही दिवसांतच रोखला. पुढं दोनदा मजकूर बदलला आणि तिसरा मजकूर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला. तो निकाल तुम्हाला पटो न पटो, कागदावर नेमकं काय लिहिलंय यानं किती फरक पडतो ते यातून दिसतं.

आता तुम्ही म्हणाल, सर, मग माणसाची नियत बघायचीच नाही का? बघायची. चाळीत एका कोपऱ्याला सड लागली की आपण शेजारचे कांदेही उचलून बघतोच. पाच हुकूम वेगवेगळे तपासले आणि पाचांतही तीच खोट निघाली, प्रत्येक वेळी फायदा त्याच चार लोकांचा, प्रत्येक वेळी नियम वाकवलेला, तर तो स्वभाव म्हणायचा आणि तसं उघड बोलायचं. पण हा निष्कर्ष तपासून झाल्यावर काढायचा. आधीच काढून ठेवला तर पुढचं काही दिसतच नाही.

एक साधं काम सुचवतो आणि थांबतो. पुढचा नवा सरपंच येईल, कुणाचाही असो. एक वही करा. त्याचा प्रत्येक ठराव एका पानावर लिहा, तारीख घाला, वर मी सांगितलेले चार प्रश्न लिहा. वर्षभरानं ग्रामसभेत ती वही घेऊन उभे राहा. जे झालं त्याबद्दल नाव घेऊन शाबासकी द्या, जे राहिलं ते नाव घेऊन विचारा. ज्याला तुम्ही मत दिलं नव्हतं त्याला शाबासकी देताना, आणि ज्याला दिलं होतं त्याला प्रश्न विचारताना, जीभ जरा अडखळेल. अडखळू द्या, पण बोला.