मेडिक्लेमचं कार्ड आणि काउंटरवरची घाई

रात्री दोन वाजता रूममेटचं पोट दुखायला लागतं आणि हॉस्पिटलच्या काउंटरवर ऐकू येतं, "आधी अप्रूव्हल येऊ द्या." अशा वेळी काय करायचं?

मुळात हे अप्रूव्हल पैशांचं असतं, उपचारांचं नव्हे. बिल विमा कंपनी भरणार का, एवढंच त्यात ठरतं. इमर्जन्सीत जीव वाचवणं आधी, बाकी सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलंय.

घड्याळ कंपनीलाही लागू आहे. विमा नियामक 'इर्डाई'च्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. त्यापुढच्या उशिराचा हॉस्पिटलने लावलेला जादा खर्च कंपनीच्याच माथी.

आमच्या विंगमधल्या एकाच्या वेळी मी सकाळपासून दुपारपर्यंत ताटकळलो. म्हणून सांगतो, विनंती किती वाजता पाठवली ते विचारून लिहून ठेवा. कॅशलेस नाकारलं तरी क्लेम संपत नाही. बिलं, रिपोर्ट जपा, नंतर पैसे मागता येतात. कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत दाद दिली नाही, तर पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही.